नोंद तटाची झाली, गाण्याची राहिली

(हिवरा आश्रम येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘शहराचा अमूर्त वारसा आणि नागरिकांचा सहभाग’ हा विषय ऐकल्यावर तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल की ही पुण्या-मुंबईची गोष्ट आहे. तिथे हेरिटेज वॉक निघतात, जुन्या वाड्यांवर पाट्या लागतात. हिवरा आश्रमात बसून आपण त्याचं काय करायचं? म्हणून मी पुण्या-मुंबईपासून सुरुवात करत नाही. आपल्या तालुक्याच्या गावापासून, मेहकरपासून करतो.

अबुल फजलच्या आईन-ए-अकबरीत मेहकरचं नाव आहे. वऱ्हाड सुभ्यातलं ते एक सरकार होतं, म्हणजे आजच्या भाषेत जिल्ह्याचं ठिकाण. त्याच्या महसुलाचे आकडेही तिथे मिळतात. पुढे इंग्रज अधिकाऱ्यांनी गॅझेटियर लिहिली, त्यांत मेहकरबद्दल एक नोंद आली. पंधराव्या शतकाच्या अखेरीस इथले मोमीन, म्हणजे मुसलमान विणकर, इतके सधन होते की त्यांनी गावाभोवती तट बांधायला घेतला. त्या तटाच्या दरवाजाला मोमीन दरवाजा म्हणत.

विचार करा. राजाने नाही, सुभेदाराने नाही, विणकरांनी गावाला तट बांधला. केवढी अभिमानाची गोष्ट आहे! पण पुढचा प्रश्न विचारला की आपण अडकतो. हे विणकर कोणतं कापड विणत होते? त्या कापडाला त्यांचं नाव काय होतं? मागावर बसून ते काय गुणगुणत? सूत उकलताना त्यांच्या घरातल्या बाया कोणत्या बोलीत बोलत? यातलं अवाक्षरही गॅझेटियरात नाही. महसूल मोजता येतो, तट डोळ्यांना दिसतो, म्हणून त्यांची नोंद झाली. गाणं दिसत नाही, म्हणून ते राहून गेलं.

अमूर्त वारसा म्हणजे हे राहून गेलेलं. युनेस्कोने २००३ साली त्यासाठी आंतरराष्ट्रीय करार केला आणि २००५ साली भारताने तो मान्य केला. त्या करारातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. वारसा कशाला म्हणायचं हे त्या त्या समाजाने स्वतः ओळखायचं आहे. तज्ज्ञ येतील, मदत करतील, पण ‘हे आमचं आहे’ असं म्हणण्याचा पहिला अधिकार ते जगणाऱ्या माणसांचा.

करारात अशा वारशाचे पाच प्रकार सांगितले आहेत. ते आपल्याच परिसरात शोधू.

पहिला, तोंडी चालत आलेली परंपरा. कंचनीच्या महालाची गोष्ट मेहकर परिसरात कितीजण सांगतात आणि किती तऱ्हांनी सांगतात! बालाजीची भव्य मूर्ती १८८८ साली सापडली, त्या काळाच्या आठवणी पणजोबांकडून नातवांपर्यंत आल्या आहेत. दुसरा, सादर करायच्या कला. पोळ्याला बैलांच्या तोरणाखाली म्हटल्या जाणाऱ्या झडत्या, बंजारा तांड्यांवरच्या होळीच्या लेंगी, लग्नघरात ढोलकीवर गायली जाणारी मुसलमान बायांची गाणी. तिसरा, सणवार आणि रूढी. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुलींनी बसवलेली भुलाबाई, मोहरमच्या सवाऱ्या, सैलानीची नारळांची होळी आणि संदल. चौथा, निसर्गाचं ज्ञान. कोणत्या नक्षत्राला तिफन धरायची, कोणत्या वाऱ्याने पाऊस येतो, लोणारच्या सरोवराचं पाणी आणि त्याच्या काठचे गोड्या पाण्याचे झरे यांच्याबद्दल म्हातारी माणसं काय सांगतात. पाचवा, हातातलं कसब. कलई करणारा, पिंजारी, मन्यार, टोपल्या विणणारा, वखराला पास बसवणारा.

आणि हिवरा आश्रमचं उदाहरण तर तुमच्या अंगणातलंच आहे. दर जानेवारीत विवेकानंद जन्मोत्सवाला इथे पुरी आणि वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद होतो. लाखांवर माणसं जेवतात, ट्रॅक्टरवरून वाढप होतं. दरवर्षी त्याचे फोटो छापून येतात. किती क्विंटल पुऱ्या, किती क्विंटल वांगी, सगळे आकडे येतात. पण एवढ्या वांग्यांना मीठ किती पडतं हे ज्याला हाताच्या अंदाजाने कळतं, त्याला कुणी बसवून विचारलंय का? चुली कशा मांडायच्या, पुरी रात्रभर मऊ कशी ठेवायची, पंगतीत वाट कुठून सोडायची, हे कोण कुणाकडून शिकलं? एवढ्या माणसांना शांतपणे जेवू घालण्याचं ज्ञान कुठल्या पुस्तकात नाही. ते काही माणसांच्या अंगात आहे, आणि ती माणसं दरवर्षी एका वर्षाने म्हातारी होताहेत.

आपल्या हातात आज जेवढे कॅमेरे आहेत तेवढे पूर्वी कधीच नव्हते. मग अडचण काय? अडचण ही की कॅमेरा वेगळं दिसेल तिकडे धावतो. जून २०२० मध्ये लोणारच्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला होता, हे पुढे तपासातून कळलं. त्या दिवसांत निघालेल्या फोटोंना गणती नाही. पण काठच्या गावांतल्या किती म्हाताऱ्यांना आपण विचारलं, की बाई, तुझ्या लहानपणी या पाण्याचा रंग कसा होता?

या गावाचंच घ्या. २०१७ साली ९१व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनासाठी हिवरा आश्रमचं नाव जाहीर झालं, त्यावर मोठा वाद झाला आणि संमेलन शेवटी बडोद्याला भरलं. वादाची बाजू कोणती बरोबर, हा आजचा विषय नाही. पण बाहेरच्या माणसाने आज या गावाचं नाव इंटरनेटवर शोधलं तर त्याला दोनच गोष्टी सापडतात, तो वाद आणि ती पंगत. इथली बोली, इथली गाणी, इथली शेतं, इथल्या बायकांचा दिवस, हे कुठे आहे? आपण स्वतःबद्दल काही ठेवलं नाही, तर दुसऱ्यांनी ठेवलेलं हीच आपली ओळख होऊन बसते.

आपण ठेवू शकतो, आणि सामान्य माणसांनी ते करून दाखवलं आहे. फ्रान्समधून येऊन पुण्यात स्थायिक झालेले गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. हे काम विद्यापीठाच्या खोलीत सुरू झालं नाही. पुणे जिल्ह्यातल्या डोंगराळ भागात गरिबांच्या संघटनेचं काम चालू होतं, त्या कामातून ते उभं राहिलं. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी ओव्या लिहून घेतल्या, आणि त्यांत स्वतः ओव्या गाणाऱ्या बायाही होत्या. एक लाखाहून अधिक ओव्या, हजाराहून अधिक गावं. पुढे नव्वदच्या दशकात आवाजही ध्वनिमुद्रित झाले. आज हा संग्रह ‘पारी’ या संकेतस्थळावर कुणालाही ऐकता येतो. माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या त्यात आहेत. त्या कुठल्या पाठ्यपुस्तकात आल्या नसत्या. संग्रह झाला म्हणून त्या आज उरल्या आहेत.

गिरणी आली आणि जातं थांबलं. त्यात वाईट काही नाही, बायांची कंबर वाचली. पण जातं थांबलं की ओवीही थांबते, कारण ती कष्टाच्या तालावर बांधलेली असते. म्हणून संग्रह करायला फार थोडा वेळ मिळतो. कष्ट संपल्यापासून ते कष्ट केलेली शेवटची बाई हयात आहे तोपर्यंत. ओव्यांच्या बाबतीत तो वेळ आता संपत आला आहे.

आता मुसलमान घरांबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. विजापूरच्या सूफींच्या परंपरेत चक्कीनामा नावाचा एक प्रकार आहे. जात्याच्या फेऱ्यांवर अल्लाहचं स्मरण बांधलेली दखनीतली गाणी. म्हणजे जातं मराठी बाईचं होतं तसंच दखनी बोलणाऱ्या बाईचंही होतं. आपल्या वऱ्हाडातल्या मुसलमान घरांत जे बोललं जातं, त्याला जनगणनेत उर्दू म्हणून लिहितात. पण ‘नको’, ‘कायकू’, ‘मेरेकू’ म्हणणारी ही बोली पुस्तकी उर्दूपेक्षा वेगळी आहे. तिच्यात वऱ्हाडीही मिसळली आहे. मराठी बोलींचं सर्वेक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साथीने केलं आणि ध्वनिमुद्रणासह लोकांसमोर ठेवलं, ते मोलाचं काम आहे. आपल्या घरातल्या या बोलीसाठी तसं काम कोण करणार? मराठीवाले म्हणतात ही उर्दू, उर्दूवाले म्हणतात ही अशुद्ध. दोघांच्या मध्ये ती विनानोंदीची संपते आहे. तिच्यातले पाळणे, कोडी, लग्नातली नावं ठेवायची गाणी, रमजानमध्ये सहरीला मोहल्ला जागवणाऱ्या फकिरांच्या हाका. अलार्म आला आणि त्या हाका थांबल्या.

इथे तीन आक्षेप येतात. तिन्ही खरे आहेत, म्हणून टाळून चालणार नाही.

पहिला आक्षेप सुधारणावाद्यांचा. सैलानीला मनोरुग्णांना नेतात, अंगात येतं म्हणतात, हे जतन करायचं? माझं उत्तर असं की नोंद करणं म्हणजे पूजा करणं नाही. आजारी माणसाला उपचार मिळालेच पाहिजेत, त्यात तडजोड नाही. पण तिथे माणसं का जातात, दवाखाना किती लांब आहे, घरच्यांनी आधी काय काय केलं, हे त्यांच्याच तोंडून नोंदलं तर सुधारणा करणाऱ्यालाच त्याचा उपयोग होईल. नोंदीत फक्त गोड तेवढंच ठेवलं तर ती जाहिरात होते. सवतीचं दुःख गाणारी ओवी, तलाकच्या धाकाखाली काढलेली वर्षं, पाणवठ्यावर जात विचारल्याची आठवण, हेही ठेवायचं आहे.

दुसरा आक्षेप धर्माचा. काहीजण म्हणतील, ही ढोलकी, ही सवारी दीनमध्ये बसत नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणतील, ही भुलाबाई, हा पोळा त्यांचा कसा? अशा वेळी नोंद साक्षीदार म्हणून उभी राहते. अमुक गावात सवारी कोण उचलत होतं, ताबुताला बांबू कोण देत होतं, बैलांचा साज कोण करत होतं, बालाजीच्या यात्रेत बांगड्यांचं दुकान कुणाचं होतं. या गोष्टी जिवंत माणसांच्या आठवणीत आहेत. ती माणसं गेली की कुणीही उठून सांगू शकेल की असं कधी नव्हतंच, आणि खोडून काढायला आपल्याकडे काही नसेल. पण साक्षीदाराकडून पढवलेलं वदवून घ्यायचं नाही. एकोप्याचं पोस्टर करायचं म्हणून लोकांना बोलायला लावू नका. भांडण झालं असेल तर भांडणही सांगू द्या. त्याशिवाय बाकीच्या साक्षीवर कुणी विश्वास ठेवणार नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात गंभीर आहे, आणि तो गाणाऱ्या बाईचा आहे. ती म्हणते, ‘माह्या आवाजाचं तुमी काय करसान?’ हा प्रश्न तिने विचारण्याआधी आपण स्वतःला विचारला पाहिजे. समजा, एका आजीने नातवाच्या मोबाइलसमोर पिराचं गाणं गायलं. ते व्हॉट्सअ‍ॅपवर गेलं, तिथून फेसबुकवर. एका गटाने तिला बेदीन म्हटलं, दुसऱ्याने तिच्या बोलीची टिंगल केली. तिच्या दारात लोक आले. वारसा जपायला गेलो आणि म्हातारीला संकटात टाकलं. वातावरण कसं आहे हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून संमतीला औपचारिकता समजू नका.

संमती तीन गोष्टींची वेगवेगळी घ्या. नाव द्यायचं का? चेहरा दाखवायचा का, की फक्त आवाज? आणि कुणी ऐकायचं, फक्त घरच्यांनी, गावाने, की साऱ्या जगाने? बाईला जिथे मोकळं वाटेल तिथे बसा. परक्या पुरुषासमोर ती गाणार नाही, तर सुनेने किंवा नातीने मुद्रण करावं. आधी गाऊ द्या, मग तिलाच ऐकवा, आणि त्यानंतर पुन्हा विचारा. नको म्हणाली तर तिच्यासमोर पुसून टाका. गाणं परंपरेचं असलं तरी त्या गायनावर गाणाऱ्याचा हक्क आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात सादर करणाऱ्याच्या हक्काला जागा आहे, आणि सुईणीला, कलईवाल्याला, ओवी गाणाऱ्या बाईलाही तेवढाच मान द्यायला हवा. मुक्त परवान्याखाली इंटरनेटवर चढवलेली गोष्ट परत घेता येत नाही, हे तिला साध्या शब्दांत समजावून सांगणं आपलं काम आहे.

आता प्रत्यक्ष काम. यासाठी मोठा निधी लागत नाही. साधा मोबाइल पुरेसा आहे. पंखा बंद करा, मोबाइल घडी केलेल्या कापडावर बोलणाऱ्याजवळ ठेवा. सुरुवातीला स्वतः बोला: आज तारीख अमुक, गाव अमुक, कोण विचारतंय, कोण सांगतंय. फाइलला तारीख आणि गावाचं नाव द्या, नाहीतर सहा महिन्यांनी ती कशाची हे तुम्हालाच कळणार नाही. सोबत वहीत नोंद ठेवा: कोणती बोली, कुणाकडून शिकली, कोणत्या प्रसंगी गातात, शेवटचं कधी गायलं. उतरवून घेताना ‘मले’चं ‘मला’ करू नका, ‘मेरेकू’चं ‘मुझे’ करू नका. दुरुस्त केलेली बोली ही नोंद नसते.

आणि व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप म्हणजे संग्रह नव्हे. तिथे फाइल दाबून लहान होते, मोबाइल बदलला की नाहीशी होते. प्रत्येक मुद्रणाच्या तीन प्रती हव्यात, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावात. हे का, ते सांगतो. २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री ब्राझीलमध्ये रिओ शहरातलं राष्ट्रीय संग्रहालय जळालं. दोनशे वर्षांची संस्था. आगीनंतर तिथल्या विद्यार्थ्यांनी लोकांना आवाहन केलं की संग्रहालयात काढलेले तुमचे फोटो पाठवा. लोकांनी पाठवले, आणि वस्तू कशा होत्या हे निदान फोटोंतून उरलं. पण आदिवासी भाषांची ध्वनिमुद्रणं तिथे होती, काही भाषा तर बोलणारं कुणी उरलेलं नव्हतं. ज्या मुद्रणांची दुसरी प्रत नव्हती ती कायमची गेली. एवढ्या मोठ्या देशाच्या राष्ट्रीय संग्रहालयाची ही गत, तर आपल्या एका मोबाइलची काय कथा?

संग्रह ठेवायचा कुठे? आपल्याकडे १९६७ च्या कायद्याखाली सार्वजनिक ग्रंथालयांचं जाळं आहे. गावचं वाचनालय, शाळा, महाविद्यालय यांच्यापैकी जिथे कपाट आणि कुलूप आहे, तिथे एक हार्ड डिस्क आणि एक रजिस्टर ठेवा. कुणी काय दिलं, कुणाला काय ऐकायची मुभा आहे, हे रजिस्टरात लिहा. देखरेखीच्या मंडळात गाणारे, सांगणारे हवेत, बायका निम्म्या हव्यात, मोहल्ल्यातले, तांड्यावरचे, बौद्धवाड्यातले हवेत. ज्यांच्या आठवणी आहेत त्यांच्याच हातात किल्ली असली की मग त्यांना घरून आणखी आणावंसं वाटतं.

एकदम सगळं करू नका. पुढच्या महिन्यात प्रत्येकाने एकाच माणसाकडे जायचं, आणि आपल्या घरातल्या नाही, शेजारच्या समाजातल्या. मोमीनपुऱ्यातल्या मुलीने तांड्यावरच्या आजीकडे, तांड्यावरच्या मुलाने पिंजाऱ्याकडे, गावातल्या पोराने महाप्रसादाच्या आचाऱ्याकडे. घरातल्याचं आपल्याला ठाऊक आहे असं वाटत असतं, म्हणून आपण नीट विचारत नाही. परक्याकडे गेलो की विचारावं लागतं आणि ऐकावंही लागतं. आज एकमेकांच्या दारात जायचं कारणच कमी होत चाललंय, ते कारण या निमित्ताने मिळेल. मला हा फायदा संग्रहाइतकाच मोठा वाटतो.

मोमिनांच्या तटाची नोंद करणारा अधिकारी परका होता. त्याने डोळ्यांना दिसलं ते लिहिलं, त्याला दोष देत नाही. आपण परके नाही. आपल्याला बोली कळते, घर ठाऊक आहे, चहा विचारला जातो. एवढं असून आपण फक्त गुलाबी पाण्याचे फोटो काढले, तर दोष आपलाच असेल. तेव्हा मुद्रण करा, लिहून घ्या, तीन प्रती काढा, आणि सगळ्यात पहिली प्रत ज्याने सांगितलं, जिने गायलं, त्यांच्या हातात नेऊन द्या.